अकराव्या फेरीत काय होतं?

मी आयुष्यभर लिहीत आले, आणि माझा वाचक मला जेव्हा जेव्हा भेटला तेव्हा तो चिडलेलाच होता. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांकडे लोक सही मागायला येतात. माझ्याकडे एकदा कोथरूडचे एक गृहस्थ शर्टावर हिरवी चटणी घेऊन आले. मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत मी लिहिलं होतं, ‘झाकण लावून यंत्र सुरू करावे.’ त्यांनी मिक्सरबरोबर फुकट आलेल्या डब्याला झाकण लावलं होतं आणि भांडं उघडं ठेवून बटण फिरवलं होतं.

"कोणतं झाकण, हे लिहायला शाई संपली होती का?" त्यांनी विचारलं.

पुढच्या आवृत्तीत ‘भांड्याचे’ हा शब्द आला. माझ्या लेखनाची ती पहिली समीक्षा, आणि आजवरची सर्वांत उपयोगी.

माझा पेशा टेक्निकल रायटरचा. वस्तू बनवणारा एक असतो, वापरणारा दुसरा असतो, आणि त्या दोघांची गाठ कधी पडत नाही म्हणून मधे मला बसवलेलं असतं. आधी मिक्सर, मग पाण्याचे पंप, मग हिंजवडीत सॉफ्टवेअर. ‘शमा नेमकं काय करते?’ असं लग्नकार्यात कोणी विचारलं, की आमचे इक्बाल शांतपणे सांगत, "खोक्यात वस्तूबरोबर एक कागद येतो ना? जो आपण आधी फेकतो? तो ती लिहिते."

मी निवृत्त झाले आणि आता फेकण्यासारखं काही लिहायचं नाही असं ठरवलं, तेवढ्यात मृणालचा फोन आला. मृणाल ही हिंजवडीतली माझी जुनी सहकारी, वयाने माझ्या मुलीएवढी.

"शमा मॅम, फ्री आहात ना? एक ओपन सोर्स टूल आहे. टूल एकदम सुपर्ब आहे, पण त्याचं डॉक्युमेंटेशन..." इथे ती थांबली. "मॅम, तुम्ही फक्त एकदा वाचा. बसून वाचा."

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला असतो. कोणीही फुकट वापरावा, कोणीही त्यात दुरुस्ती सुचवावी. गणपतीच्या मांडवासारखंच, काम करणारे चार आणि सल्ला देणारी सगळी पेठ. या टूलचं नाव होतं ‘खातरजमा’. परदेशातले लोक त्याला ‘कटारजामा’ म्हणत आणि तो कुठलातरी योगासनाचा प्रकार असावा अशी त्यांच्यातल्या काहींची समजूत होती.

खातरजमा करतं काय, ते सांगते. प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे पाहायची नेहमीची रीत म्हणजे तो चालवून बघणं. शंभर वेळा बटण दाबलं, शंभर वेळा नीट चाललं, चला, विका. पण एकशे एकाव्या वेळी काय होईल? खातरजमा प्रोग्रॅम नुसता चालवून बघत नाही. तो कुठल्या कुठल्या वाटांनी जाऊ शकतो त्या सगळ्या गणिताने धुंडाळतं, आणि एक जरी वाट चुकीच्या जागी जात असेल तरी ती पुराव्यानिशी समोर ठेवतं. आमच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, "आपल्याकडे पाणी कधीही जात नाही." तर सी विंगमधले एकजण उठून म्हणाले, "मंगळवारी सकाळी गेलं होतं. मी अंगाला साबण लावून उभा होतो." हा जो साबण लावलेला माणूस, तो शोधून आणायचं काम खातरजमा करतं.

हे टूल बनवलं लिमये सरांनी. आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं, आता सदाशिव पेठेत राहतात. टूल पुण्यात जन्मलं तर त्याची माहिती मराठीतच असेल, ज्याला इंग्रजी हवी त्याने भाषांतर करून घ्यावं, असा त्यांचा बाणा. त्यामुळे मूळ पान मराठीत होतं. मी मृणालच्या सांगण्याप्रमाणे बसून वाचलं. संपूर्ण पान असं:

‘पायरी एक: खातरजमा उतरवून घ्यावे. पायरी दोन: खालील आज्ञा द्यावी. पायरी तीन: उरलेले उघड आहे.’

मग एक आज्ञा. मग काही नाही.

पानाखाली प्रश्न विचारायची सोय होती आणि उत्तरं सर स्वतः देत. एका जर्मन मुलीने विचारलं होतं, ‘प्रोग्रॅम अडकून पडला आहे. मी काय करू?’ उत्तर: ‘वाट पाहावी.’ काही आठवड्यांनी तिचाच प्रश्न: ‘अजून अडकलेला आहे.’ उत्तर: ‘म्हणजे वाट पाहणे जमते आहे.’

मी सरांना भेटायला गेले. दारातच त्यांनी विचारलं, "तांबोळीबाई, आपल्याला गणित येतं?"

"नाही, सर."

"मग आपण काय लिहिणार?"

"ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी लिहीन."

"त्यांनी हे वापरू नये," सर म्हणाले, आणि मला आत घेतलं. लिमयेकाकूंनी चहा आणला. सर म्हणाले, पानात काहीही कमी नाही, वाचणाऱ्यांच्यात आहे. मी म्हटलं, मला महिनाभर द्या. ते म्हणाले, घ्या, हवा तेवढा वेळ घ्या, बदलण्यासारखं काही सापडायचं नाही.

आमच्या धंद्यातली एक युक्ती आहे. आपण लिहिलेलं कोणाच्या कसं लक्षात येतं हे बघायचं असेल तर त्या माणसाच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि तोंड मिटायचं. तो चुकला तरी सांगायचं नाही. त्याने मागे वळून विचारलं तरी नुसतं हसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक दिसत असताना गप्प बसणं किती जड जातं, हे करून पाहावं.

तर असा खातरजमा वापरणारा जवळपास कोण आहे हे मृणालने शोधलं आणि तिला संपत रायकर सापडले. धायरीत त्यांची शेड होती. लिफ्टचे कंट्रोलर बनवायचे, म्हणजे लिफ्टने कधी चालावं, कधी थांबावं, दार कधी उघडावं हे ठरवणारी पेटी. मी स्वारगेटहून बस पकडून गेले. रायकर स्वागताला फाटकापाशीच उभे होते, आणि मला आधी शेडमध्ये नेण्याऐवजी त्यांनी ऑफिसात नेलं. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. शेजारी तसलाच हार घातलेली दुसरी चौकट होती. तिच्यात कॉम्प्युटरच्या पडद्याचा छापील फोटो, आणि त्यावर हिरव्या अक्षरांत दोन शब्द: ‘तपासणी यशस्वी.’

"तुमच्या खातरजमानं दिलंय, मॅडम," रायकर म्हणाले. "लिफ्ट चालू असताना दार उघडणारच न्हाई, असं गणितानं सिद्ध झालंय. आख्ख्या धायरीत कुणाकडं न्हाई हे. परवा नवीन प्रसूतिगृहात ही लिफ्ट चालू होतीय. आमदार येणारेत."

मी म्हटलं, वा. मग म्हटलं, तुम्ही हे कसं तपासलंत ते पुन्हा करून दाखवा. मी मागे बसणार, काही बोलणार नाही.

रायकरांनी पान उघडलं. आज्ञा जशीच्या तशी उचलली, आपल्या प्रोग्रॅमचं नाव घातलं, कळ दाबली. चहाचा कप उचलेपर्यंत पडद्यावर हिरवी अक्षरं आली. "बगा," ते म्हणाले.

त्या आज्ञेत शेवटी लिहिलं होतं: ‘फेऱ्या १०’. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. गप्प बसायचा नियम माझाच होता, पण तो मी मोडला.

"रायकर, हे दहा कशाला?"

"तुमच्याच पानावर हाय की दहा."

"हो, पण म्हणजे काय?"

रायकरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की कंपनीच्या बाईला कंपनीचंच माहीत नाही. मग म्हणाले, "दहापैकी दहा मार्क असतील."

मी मृणालला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने समजावलं. लिफ्टचा प्रोग्रॅम म्हणजे एक न संपणारं चक्र. बटण बघ, दार बघ, मोटर बघ, परत बटण बघ. न संपणारं चक्र शेवटपर्यंत तपासता येत नाही, म्हणून किती फेऱ्यांपर्यंत तपासायचं ते खातरजमाला सांगायचं असतं. दहा म्हटलं तर दहा फेऱ्यांत जे जे घडू शकतं ते सगळं ते तपासतं. अकराव्या फेरीविषयी ते काहीच बोलत नाही.

"पानावर दहा का आहे मग?" मी विचारलं.

"लिमये सरांचा कॉम्प्युटर जुना आहे, मॅम. उदाहरण पटकन संपावं म्हणून. रायकर सर, तुमच्या कंट्रोलरमध्ये एका फेरीला किती टाइम लागतो?"

रायकरांनी सांगितलं. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याचाही बारीकसा तुकडा. पलीकडे मृणालने हिशेब केला.

"सर," ती म्हणाली, "दहा फेऱ्यांत तुमची लिफ्ट तळमजल्यावरून हललीच नाहीये."

लिफ्ट चालू असताना दार उघडत नाही, हे विधान अगदी खरं होतं. लिफ्ट चालूच झाली नव्हती. उभ्या लिफ्टच्या प्रमाणपत्राला हार घातलेला होता.

"फेऱ्या वाढवा," मृणाल म्हणाली.

वाढवल्या. या वेळी चहावर भागेना. जेवणाची वेळ झाली, रायकरांनी घरून पिठलं-भाकरी मागवली. ते एक घास खात आणि पडद्याकडे बघत, एक घास खात आणि आत जाऊन त्या चौकटीकडे बघून येत. अखेर पडद्यावर लाल अक्षरं उमटली, आणि त्याखाली साबण लावलेला माणूस: लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली येते आहे, दुसऱ्याजवळ तिचा वेग कमी होतो, नेमकं तेव्हा जास्त वजनाचा इशारा क्षणभर लागून विझतो, आणि त्याच क्षणी आत कोणीतरी दार उघडायचं बटण दाबून धरलेलं असतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण मजल्यावर पोचलो. तो दाराला सांगतो, उघड.

रायकरांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्यावर उखडले. "असं कोण बटण दाबून धरतंय? आन् वरून दाराला लोखंडी लॉक हाय की वेगळं. ते न्हाई उघडू द्यायचं."

"लॉक एवढं भरवशाचं होतं तर प्रोग्रॅम कशाला तपासलात?"

"बोर्डावर लिहायला," ते पटकन बोलून गेले, आणि मग स्वतःच ओशाळले.

"प्रसूतिगृह आहे, रायकर. आत घाबरलेला नवरा असणार. तो सगळीच बटणं दाबून धरणार."

ते शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. परवा आमदार होते, फलक लागलेले होते, मांडव पडला होता. कोणी त्यांना काही म्हटलं नसतं, कारण कोणाला कळलंच नसतं. त्यांनी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. माझ्याकडे पाठ करून बोलत होते, पण ऐकू येत होतं. "मॅडम, लिफ्ट परवा न्हाई द्यायची. माझ्या प्रोग्रॅममधी चूक हाय. न्हाई, दुसऱ्या कुणाची न्हाई, माझीच." फोन ठेवून ते ऑफिसात गेले, चौकट खाली उतरवली आणि तोंड भिंतीकडे करून ठेवली. वडिलांकडे मात्र त्यांनी बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदाशिव पेठेत हजर. घडलेलं सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "हे लिहिलेलं आहे."

"कुठे?"

"परिशिष्ट इ."

अ, ब, क, ड आणि इ अशी परिशिष्टं आहेत हेच मला माहीत नव्हतं. ती सरांच्या जुन्या प्रबंधाच्या शेवटी होती. तिथे खरोखरच एक वाक्य होतं: ‘मर्यादेबाहेरचे वर्तनही सिद्ध झाले असे मानणाऱ्याने ते मानू नये.’

"सर, ‘तपासणी यशस्वी’ हे शब्द बदलावे लागतील."

"ते विधान सत्य आहे."

"आहे. पण वाचणारा खोटं वाचतो."

"मग वाचणारा बदला."

"तो माझ्या हातात नाही, सर. शब्द आहेत."

सर उठून गॅलरीत गेले. काकू मला खुणेने म्हणाल्या, राहू द्या, ऐकायचे नाहीत. मला सुचलं ते मी बोलले. "सर, माझी एकच विनंती. रायकरांना इथे बोलावते. ते तुमचं पान पहिल्यापासून वाचतील. तुम्ही त्यांच्या मागे बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही."

"त्यात काय अवघड आहे?" सर म्हणाले. काकूंनी पदर तोंडाला लावला.

रविवारी रायकर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. सरांना वाकून नमस्कार केला आणि सरांच्याच कॉम्प्युटरसमोर बसले. मागे सर, त्यांच्या मागे मी, दारात काकू. रायकर मोठ्याने वाचू लागले, बोट पडद्यावर ठेवून.

"‘उतरवून घ्यावे.’ कुठून उतरवायचं ते लिहिलं न्हाई. बरं." पाच मिनिटं त्यांनी शोधलं. सरांचा उजवा हात पुढे आला, मी तो मागे ओढला. "‘खालील आज्ञा द्यावी.’ कुणाला? बरं, यालाच." सरांनी रुमाल काढला आणि तो तोंडावर दाबला. रायकरांनी आज्ञा टंकली, एक टिंब राहिलं, पडदा निषेध करून थांबला. त्यांनी तीच आज्ञा पुन्हा टंकली, टिंब पुन्हा राहिलं. सरांचे कान लाल झाले. पण माणूस शब्दाचा पक्का, रुमाल हलला नाही.

मग रायकर तिसऱ्या पायरीवर आले. "‘उरलेले उघड आहे.’" त्यांनी पडदा वरून खाली पाहिला, कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं, आणि चिंतेने मागे वळले. "सर, काय उघडं हाय? माझी दारं तर सगळी बंद दाखवतंय."

काकू स्वयंपाकघरात पळाल्या. त्यांचं हसू भांड्यांच्या आवाजात मिसळून बाहेर येत होतं. सर हसले नाहीत. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. रायकरांच्या खांद्याशी वाकून त्यांनी ते वाक्य एकदा वाचलं, जणू दुसऱ्या कोणी लिहिलेलं.

"रायकर, हे वाक्य वाईट आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तांबोळीबाई, बदला. सगळं बदला."

सगळं बदलायला पावसाळा गेला. आता आज्ञेत दहा नाही, किती फेऱ्या हे खातरजमा तुम्हालाच विचारतं आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या वेगाने तेवढ्यात काय काय घडू शकेल याचा हिशेब मांडून दाखवतं. ‘तपासणी यशस्वी’ गेलं. त्या जागी, समजा कोणी दहा फेऱ्या सांगितल्या तर, आलं: ‘दहा फेऱ्यांपर्यंत चूक सापडली नाही. त्यापुढचे तपासलेले नाही.’ या दोन वाक्यांसाठी सर आणि मी तीन वेळा भांडलो. त्यांना ‘आढळली’ हवं होतं. मी म्हटलं, रायकर ‘सापडली’ म्हणतात. पान चौपट लांब झालं. सर म्हणाले, "यात माझं काहीच उरलं नाही." मी म्हटलं, गणित सगळं तुमचंच आहे. त्यावर ते "हं" म्हणाले, जी त्यांच्याकडची भरघोस दाद आहे.

रायकरांची लिफ्ट दुरुस्त होऊन प्रसूतिगृहात लागली. आमदारांना दुसरी तारीख जमली नाही, फीत डॉक्टरीणबाईंनीच कापली. लोक वर गेले, खाली आले, दार जिथे उघडायचं तिथे उघडलं. त्या दिवशी पेढे खाणाऱ्यांपैकी कोणालाही काही टळलंय हे ठाऊक नव्हतं. माझ्या धंद्याचं हे एक दुःख आहे. काम चांगलं झालं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचा कोणी सत्कार करत नाही.

दिवाळीच्या आधी मी फराळाचा डबा घेऊन लिमयांकडे गेले. सर मला जरा खचल्यासारखे वाटले.

"तब्येत बरी आहे ना, सर?"

"आपण हे काय करून ठेवलंत?" ते म्हणाले. मला वाटलं, पानात चूक निघाली. "सकाळी उठतो, कॉम्प्युटर लावतो. एकही प्रश्न नाही. जर्मनीतून नाही, ब्राझीलमधून नाही. सगळं तुम्ही लिहून ठेवलंत. आता मला कोणी काही विचारत नाही."

काकू चकली मोडता मोडता म्हणाल्या, "आता मला विचारतात. आमटीत मीठ आहे हे सिद्ध कर म्हणतात."

मी हसले खरी, पण घरी येईपर्यंत ते माझ्या मनातून जाईना. इतकी वर्षं ते लोकांना फटकारत होते तेव्हा मला वाटायचं, यांना माणसं नको आहेत. खरं म्हणजे रोज सकाळी जगभरातले लोक त्यांच्या दारात येऊन उभे राहत होते, आणि मी नीटनेटकं पान लिहून त्या सगळ्यांना परस्पर वाटेला लावलं होतं. मी बसले आणि पानाच्या तळाशी एक ओळ घातली. माझ्या सगळ्या नोकरीत, मिक्सरपासून आजपर्यंत, मी कधी असलं वाक्य माहितीपुस्तिकेत लिहिलं नव्हतं: ‘इतके वाचूनही शंका उरली तर लिमये सरांना अवश्य विचारावे. ते रागावतात, पण उत्तर देतात.’

सरांना मी विचारलं नाही. मृणालने वाचून फक्त एक हसरा चेहरा पाठवला आणि पान प्रसिद्ध केलं.

पाडव्याच्या सकाळी फोन वाजला.

"तांबोळीबाई!" सरांचा आवाज असा, की मी इक्बालना रेडिओ बंद करायला सांगितलं. "ते शेवटचं वाक्य आपण लिहिलंत?"

"हो, सर. नको असेल तर काढते."

"ते नंतर बघू. पेरू देशातून एकाने प्रश्न पाठवलाय. इतका मूर्खासारखा प्रश्न मी आयुष्यात पाहिला नाही. म्हणतो, ‘रागावलात तरी चालेल, मला वेळ आहे.’ ऐका, वाचून दाखवतो. नाही, थांबा, आधी त्याला लिहितो. हा असं समजलाच कसा? याला पहिल्यापासून सांगावं लागेल..."

आणि फोन बंद करायचा विसरून त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला. मी बराच वेळ माझा फोन कानाला लावून बसले होते. पलीकडून कळा बडवल्याचा आवाज येत होता, न थांबता, आणि मधूनमधून काकू हाका मारत होत्या की अहो, ओवाळायला पाटावर बसा, निरांजन विझतंय.